रोजच्या ये-जासाठी जुनी मोटारसायकल घेताना: थंड इंजिनापासून आरसी नावावर होईपर्यंत

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "कुठल्या कंपनीची घेऊ?" हा प्रश्न वाईट नाही, पण त्याने काम निम्मंच होतं. पाच वर्षं झालेल्या दोन स्प्लेंडर शेजारी-शेजारी उभ्या करा. एकीचं ऑईल वेळेवर बदललेलं असतं, ती अजून पाच-सहा वर्षं कुरकुर न करता चालते. दुसरी दूधवाल्याकडे दोन्ही बाजूंना कॅन लटकवून फिरलेली असते, तिचं इंजिन तीन महिन्यांत खोलावं लागतं. मॉडेल एकच, भरवसा वेगळा. म्हणून मॉडेल निवडायला एक संध्याकाळ पुरे. खरा वेळ समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीला आणि तिच्या कागदांना द्यायचा.

हा लेख १०० ते १२५ सीसीच्या, रोज २० ते ६० किलोमीटर चालणाऱ्या वापरलेल्या गाडीसाठी आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. क्रम बदलला तर काही दोष दिसतच नाहीत.

आधी आपलं रनिंग लिहून काढा

एका बाजूचं अंतर किती, त्यातलं हायवेवर किती, मागे रोज कुणी बसणार आहे का, आणि वाटेत चढ आहे का, या चार गोष्टी कागदावर लिहा.

एकटा माणूस, शहरातला रस्ता, ताशी ५०-५५ च्या पुढे जायची गरज नाही, अशा वेळी १०० सीसी पुरते. स्प्लेंडर प्लस, एचएफ डीलक्स आणि जुनी पॅशन प्रो यांत एकाच घराण्यातलं ९७.२ सीसीचं इंजिन आहे, त्यामुळे सुटे भाग तालुक्याच्या गावात काय, मोठ्या खेड्यातल्या दुकानातही मिळतात. रस्ता खड्ड्यांचा असेल तर प्लॅटिना बघा. तिची सीट आणि शॉकअप मऊ आहेत, पाठ दुखत नाही.

मागे रोज माणूस बसणार असेल, किंवा भोसरीहून चाकण एमआयडीसीला नाशिक हायवेने जायचं असेल, तर १२५ सीसी घ्या. ट्रक-ट्रेलरच्या मधून ७० च्या वेगाने जाताना शंभर सीसीच्या गाडीत पुढे काढायला काही शिल्लकच राहत नाही, इंजिन सतत ताणलेलं असतं आणि लवकर झिजतं. शाईन, एसपी १२५, ग्लॅमर, सुपर स्प्लेंडर, रेडर, पल्सर १२५ यांतली जी जवळच्या मेकॅनिकच्या हाताखालची असेल ती. शाईनला २०२० पर्यंत चार गिअर होते, बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम) आल्यावर पाच झाले. हायवे रोजचा असेल तर पाच गिअरवाली शोधा.

१५० सीसीचा मोह होतो, तेव्हा हिशेब करा. रोज ४० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,००० किलोमीटर. लिटरला ६० देणाऱ्या गाडीला १६.७ लिटर पेट्रोल लागतं, ४५ देणाऱ्या गाडीला २२.२ लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याला सुमारे ५८० रुपयांचा फरक, वर्षाला सात हजारांच्या आसपास. टायर, चेन सेट आणि ब्रेक पॅडही मोठ्या गाडीचे महाग. हा खर्च पेलणार असेल तर जरूर घ्या, पण आकडा माहीत असू द्या.

बंद पडलेल्या मॉडेलबद्दल सावध. बजाजची डिस्कव्हर २०२० मध्ये बंद झाली. तिचे १००, १२५, १५० असे इतके उपप्रकार निघाले की काउंटरवर "डिस्कव्हरचं अमुक द्या" म्हटलं की दुकानदार आधी विचारतो, "कुठली?" एकाचा भाग दुसरीला बसेलच असं नाही. यामाहाची सॅल्युटोही बीएस-६ च्या वेळी गेली. या गाड्या वाईट नव्हत्या, स्वस्तही मिळतात; पण रोज ड्युटीवर जायच्या गाडीचा एक भाग यायला आठ दिवस लागले तर आठ दिवस रिक्षा करावी लागते. गाडी बघायला जाण्याआधी आपल्या भागातल्या दोन स्पेअर पार्टच्या दुकानांत जाऊन त्या मॉडेलची क्लच प्लेट, चेन सेट आणि ब्लॉक-पिस्टन किट विचारा. दोन्हीकडे "आहे" म्हणाले तर पुढे जा.

कार्ब्युरेटर की इंजेक्शन

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्याआधीच्या बहुतेक कम्युटर गाड्यांना कार्ब्युरेटर, नंतरच्या जवळपास सगळ्यांना फ्युएल इंजेक्शन.

कार्ब्युरेटरची गाडी कुठलाही मेकॅनिक खोलून साफ करतो. बॅटरी बसली तरी किकने चालू होते. तिचा धोका वेगळा आहे: आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनवलेली नाहीत. पेट्रोलचा पाईप बोटांनी दाबून बघा, कडक होऊन भेगा पडल्या असतील तर बदलायचा. कार्ब्युरेटरच्या तळाशी ओल दिसली तर आतली सुई किंवा पॅकिंग गेलेलं आहे. हे काम स्वस्त आहे, तेवढ्यावरून गाडी नाकारू नका.

इंजेक्शनची गाडी थंडीत एका बटणात चालू होते, ॲव्हरेज स्थिर देते. पण तिचा पेट्रोल पंप टाकीत असतो आणि तो बॅटरीवर चालतो. बॅटरी पार बसली की किक मारूनही गाडी सुरू होईलच असं नाही. पंप किंवा सेन्सर गेला तर तो भाग महाग आणि स्कॅनर असलेला मेकॅनिकच लागतो. अशी गाडी बघताना चावी फिरवल्या-फिरवल्या मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागायलाच हवा, आणि गाडी चालू झाल्यावर विझायला हवा. विझला नाही तर दोष आहे. मुळात लागलाच नाही तर जास्त संशय घ्या, कारण दोष लपवायला दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

माझ्या मते, गावात राहणाऱ्याने आणि जवळ सर्व्हिस सेंटर नसणाऱ्याने २०१७ ते २०१९ मधली नीट ठेवलेली कार्ब्युरेटरची गाडी घ्यावी. शहरात २०२० नंतरची घ्यावी, तिचं उरलेलं आयुष्यही जास्त. एप्रिल २०१९ नंतर १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना कंबाईंड ब्रेक किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) सक्तीचं झालं, तोही नव्या गाडीच्या बाजूचा मुद्दा. कंबाईंड ब्रेकमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, त्यामुळे पावसात मागचं चाक घसरण्याचं प्रमाण कमी होतं.

बघायला जाण्याआधी नंबर तपासा

मालकाकडून आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचा, दोन्ही बाजूंचा फोटो मागवा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. एम-परिवहन ॲपवर किंवा ‘वाहन’ या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून या गोष्टी जुळवा: नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, इन्शुरन्स आणि पीयूसीची मुदत, आणि कर्जाचा बोजा. चलन महाराष्ट्र ट्रॅफिकच्या ई-चलन संकेतस्थळावर वेगळं बघा. हेल्मेट आणि सिग्नलची जुनी चलनं साचून कधी कधी चार-पाच हजारांच्या घरात गेलेली असतात आणि मालकाला स्वतःलाही ठाऊक नसतं.

"इन्शुरन्स चालू आहे" या वाक्यावर विसंबू नका. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे पॉलिसी चालू दिसते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं आणि चोरीचं कवच बहुधा पहिल्याच वर्षी संपलेलं असतं. पॉलिसीचा कागद उघडून दोन्ही मुदती वेगवेगळ्या वाचा.

नोंदणी १५ वर्षांसाठी असते. १२ वर्षांची गाडी घेतली तर तीन वर्षांत फेरनोंदणी आणि पर्यावरण कर तुमच्या गळ्यात, हे भावात धरा. दुसऱ्या राज्याची, म्हणजे सीमाभागात सहज मिळणारी केए (कर्नाटक) किंवा जीए (गोवा) नंबरची गाडी स्वस्त दिसते. तिला मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) लागते, महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो, आणि परराज्याच्या नंबरवर १२ महिन्यांपेक्षा जास्त चालवता येत नाही. सगळं मिळून स्वस्ताई बहुतेक वेळा उरत नाही.

गाडी थंड असताना बघा

मालकाला आदल्या दिवशीच सांगा: "सकाळी येतो, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोहोचल्यावर काहीही बोलण्याआधी इंजिनाजवळ हात न्या. कोमट लागलं तर गाडी आधी तापवून ठेवली आहे. थंडीत चालू न होणं, सुरू होताना येणारा निळा धूर, पहिल्या मिनिटातली खडखड, हे तिन्ही दोष गाडी तापली की दबतात. अशा वेळी चहा घ्या, तासभर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या.

चावी बंद ठेवून किक हाताने सावकाश दाबा. एका ठिकाणी चांगला दाब लागला पाहिजे. किक सुरुवातीपासून शेवटपर्यंत ढिलीच गेली तर कॉम्प्रेशन उरलेलं नाही.

मग ऑईल. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या. डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) काढा, पुसा, परत घाला, पण आटे फिरवू नका, नुसती टेकवा. हिरो आणि होंडाच्या गाड्यांत असंच मोजतात. पल्सरला बाजूला काचेची खिडकी आहे. ऑईल काळं असणं हा दोष नाही. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर मालकाने लक्ष दिलेलं नाही. दुधी रंग आला तर आत पाणी गेलं आहे. बोटावर घेऊन उन्हात धरा. चमचमणारे कण दिसले तर आत धातू झिजतो आहे, ती गाडी सोडा.

इंजिनाचे नट-बोल्ट नीट बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टची डोकी कोरी असतात. डोकी घासलेली, कव्हरच्या जोडावर राखाडी किंवा लाल सीलंट बाहेर आलेलं, म्हणजे इंजिन खोललेलं आहे. खोललेलं इंजिन म्हणजे खराब इंजिन नव्हे. काय केलं, कुणी केलं आणि बिल कुठे आहे, हे विचारा. नवा ब्लॉक-पिस्टन घातल्याचं बिल असेल तर उलट चांगलंच. बिल नाही आणि उत्तरही नाही, तर भाव इंजिनकामाचा खर्च वजा करूनच बोला.

चालू करा आणि सायलेन्सरच्या मागे उभे राहा

चालू करायला दुसऱ्याला सांगा, तुम्ही मागे थांबा. धुराचा रंग आणि वेळ दोन्ही बघा.

हिवाळ्यात पहिली दोन-तीन मिनिटं पांढरी वाफ येते, ती विरून जाते, तिला काही अर्थ नाही. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. तो सुरू होताना एकदाच भसकन येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील गेले आहेत; रात्रभर ऑईल झिरपून वर साचतं आणि सकाळी जळतं. हे तुलनेने छोटं काम आहे. रेस देताना सतत निळा धूर येत राहिला तर पिस्टन रिंगा आणि ब्लॉक झिजलेत, ते मोठं काम. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय: एअर फिल्टर चोंदलेला, किंवा कार्ब्युरेटरची सेटिंग बिघडलेली. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा (हे मात्र गाडी चालू करण्याआधी, तो थंड असतानाच). कोरडी काजळी चालते, चिकट ओलसर काळं आलं तर ते ऑईल आहे.

ब्लॉक-पिस्टनचा पक्का पुरावा हवा असेल तर गाडी आयडलवर असताना ऑईल भरायचं झाकण सावकाश ढिलं करून उचला. थोडा हवेचा धक्का जाणवणं नेहमीचंच. धूर भकभक बाहेर पडू लागला तर जळलेला वायू रिंगांच्या बाजूने खाली उतरतो आहे.

आता कान द्या. इंजिनाच्या डोक्यावरून लयीत टकटक येते ती टॅपेटची. सेटिंगने जाते, दोनशे-तीनशे रुपयांचं काम. डाव्या बाजूने खरखर किंवा साखळी घासल्यासारखा आवाज, विशेषतः रेस सोडताना, तो टायमिंग चेनचा. स्प्लेंडर घराण्याच्या इंजिनात ही चेन डावीकडेच आहे. ती दुर्लक्षित ठेवली तर ताण धरणारा टेन्शनर आणि गाइडही खाते. उजव्या बाजूचा घरघराट क्लच दाबल्यावर बदलतो का बघा; बदलला तर दोष क्लचच्या आसपास. खोलवरून, रेसबरोबर वाढणारी ठोक-ठोक असेल तर क्रँकचं बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉड. ही गाडी कितीही स्वस्त असली तरी रोजच्या कामाची नाही.

सांगाडा, चाकं, चेन

गाडीच्या मागे आठ-दहा पावलांवर उकिडवे बसा. पुढचं चाक मागच्याच रेषेत दिसलं पाहिजे. मग पुढे येऊन हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि मानेखालचा, हँडलला अडवणारा स्टॉपर बघा. तो वाकलेला, तुटलेला किंवा वेल्डिंग केलेला असेल तर गाडी समोरून जोरात आदळलेली आहे. रंग नवा लावता येतो, नवा मडगार्ड बसवता येतो, स्टॉपरकडे मात्र फारसं कुणी लक्ष देत नाही. चॅसी नंबर मानेवर ठोकलेला असतो. आरसीशी अक्षरागणिक जुळवा. भोवतीचा रंग वेगळा किंवा पत्रा घासलेला वाटला तर व्यवहार बंद.

मेन स्टँडवर असताना कुणाला तरी मागे दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलेल. हँडल दोन बोटांनी हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. मध्यभागी खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) गेला. तो बदलायचा खर्च फार नाही, पण तसाच राहिला तर ४०-५० च्या वेगाला गाडी डुलते. फोर्कचे दोन्ही पाय धरून पुढे-मागे ओढा, तिथे खेळ नको. फोर्कच्या नळीवर ऑईलची रिंग दिसली तर ऑईल सील गळतोय. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा: नुसतं चाक हललं तर बेअरिंग, मागचं चाक धरणारा सगळा स्विंग आर्म हलला तर त्याचे बुश.

चेन सेट बघायची पद्धत सोपी आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेनची कडी धरून सरळ मागे ओढा. कडी स्प्रॉकेटपासून सुटून खालचा दात अर्धाअधिक दिसला तर सेट संपला. दात एका बाजूला वाकलेले, टोकदार झालेले असतील तरीही तेच. चाक फिरवत चार ठिकाणी खालच्या बाजूने चेन वर-खाली करून ढिलेपणा मोजा. साधारण २५ ते ३० मिमी हवा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबणारी असेल तर ताणून उपयोग नाही, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदलावे लागतात. स्प्लेंडरसारख्या पूर्ण बंद चेन कव्हरच्या गाडीत खाली रबरी बूच असतं, ते काढून बघता येतं. मागच्या ॲक्सलजवळच्या खुणाही वाचा: ॲडजस्टर शेवटच्या खुणेला टेकला असेल तर चेन ताणायला जागाच उरलेली नाही.

ड्रम ब्रेकच्या दांड्यावर एक बाण असतो आणि पॅनेलवर एक खूण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला लागला तर लायनर संपलेत. टायरवर चार आकडी अंक असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष: २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर कडक होतो आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतो.

पुराची गाडी ओळखायला शिका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडला हजारो गाड्या पाण्याखाली होत्या. त्यांतल्या किती धुऊन-पुसून बाजारात फिरताहेत ते कळायला मार्ग नाही. सीट काढा. बॅटरीच्या खोबणीत, हेडलाईटच्या आत, वायरिंगच्या जोडांत सुकलेला गाळ आहे का बघा. एक कनेक्टर उपसून आतल्या पिना बघा, हिरवट बुरशी आली असेल तर वायरिंग पुढची दोन वर्षं त्रास देईल. कोकण किनाऱ्यावरच्या गाडीत खाऱ्या हवेने सायलेन्सरची खालची बाजू, स्पोक आणि टाकीचा तळ गंजतो. टाकी उघडून टॉर्चने आत बघायला विसरू नका.

मल्टिमीटर सोबत न्या

साधा मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट हवेत. चालू करून अर्धी रेस दिल्यावर १३.५ ते १४.५. तेरापर्यंतही जात नसेल तर चार्जिंग कॉइल किंवा आरआर युनिट (चार्जिंगचे व्होल्ट ताब्यात ठेवणारा भाग) गेलंय. नवी बॅटरी टाकली तरी महिन्यात बसेल. पंधराच्या वर गेला तरी आरआर युनिटच गेलं आहे, बल्ब उडत राहतील. ब्रेकचा दिवा हाताच्या आणि पायाच्या दोन्ही ब्रेकने लागतो का, हॉर्न आणि इंडिकेटर, हे दोन मिनिटांत बघून टाका.

मीटरवरचा आकडा

रोज ये-जा करणारी गाडी वर्षाला १० ते १२ हजार किलोमीटर सहज चालते. पाच वर्षांच्या गाडीवर १४ हजार दिसले तर विचारा, का? कधी कधी खरंच निवृत्त माणसाची गाडी असते. तेव्हा फूटरेस्टचं रबर, गिअरच्या दांड्याचं रबर, ब्रेक पेडलची कड आणि हँडलच्या मुठी बघा. रबर गुळगुळीत आणि मीटर १४ हजार, हे जुळत नाही. सर्व्हिसची पावती असेल तर तिच्यावर किलोमीटर लिहिलेले असतात, तेच खरं.

पाच-सहा किलोमीटर चालवा

हेल्मेट घाला, लायसन्स सोबत ठेवा, विमा चालू असल्याची खात्री करूनच निघा. शक्य झालं तर अर्धा रस्ता मागे माणूस बसवून.

एका चढावर वरच्या गिअरमध्ये एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला पण वेग चढला नाही, तर क्लच प्लेट घसरतात. प्रत्येक गिअरमध्ये रेस देऊन-सोडून बघा. दुसरा गिअर आपोआप सुटला तर गिअरबॉक्स खोलावा लागेल. मोकळ्या रस्त्यावर ४०-५० ला मुठी सैल करा (हात सोडू नका) आणि गाडी एका बाजूला ओढते का जाणवून घ्या. दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून बघा. परत आल्यावर गाडी बंद करा, दोन मिनिटांनी पुन्हा चालू करा. गरम गाडी चालू व्हायला त्रास देते का ते इथेच कळतं. मग हेडच्या जोडाखाली, ड्रेन बोल्टजवळ आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखाली ताजं ऑईल आलंय का, कागदाने पुसून बघा.

भाव

सापडलेले दोष मालकासमोर कागदावर लिहा आणि स्पेअर पार्टच्या दुकानातून प्रत्येकाची किंमत फोनवर घ्या. चेन सेट, दोन टायर, बॅटरी, कोनसेट, सोबत मजुरी. ही बेरीज मागितलेल्या भावातून वजा करून बोला. "जरा कमी करा" म्हटल्यावर पाचशे कमी होतात. बिलाच्या आकड्यांवर बोललं की खरा भाव निघतो. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर पूर्ण पैसे देऊ नका. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्यावरच उरलेले द्या.

कागद

गाडी नावावर करायला दोन फॉर्म लागतात: फॉर्म २९ विकणाऱ्याचा, फॉर्म ३० दोघांच्या सह्यांचा. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या व्यवहाराची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठीही १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. पीयूसी, मूळ आरसी, दुसरी चावी आणि एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट बसवलेली आहे का, हेही त्याच दिवशी बघा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीवर ही प्लेट मालकाला वेगळी बसवून घ्यावी लागते.

कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी वर्षभर जुन्याच नावावर फिरवायची पद्धत सर्रास आहे. ती दोघांनाही घातक. अपघात झाला तर नोंदीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. इकडे घेणाऱ्याला विम्याचा दावा मिळत नाही. ताबा घेताना साध्या कागदावर पावती करा: तारीख, वेळ मिनिटासह, मीटरचं वाचन, दिलेली रक्कम, दोघांच्या सह्या. त्या वेळेआधीची चलनं त्याची, नंतरची तुमची.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

आधीच्या मालकाने "परवाच बदललं" म्हटलं तरी ऑईल बदला. शंभर सीसीच्या गाड्यांत साधारण एक लिटरच्या आत-बाहेर बसतं. नेमकं माप मॅन्युअलमधून घ्या. डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए-२ (मोटारसायकलच्या ऑईलची प्रत) लिहिलेलं पाहिजे. कारचं ऑईल घालू नका: त्यात घर्षण कमी करणारे घटक असतात, आणि मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असल्याने प्लेट घसरू लागतात. एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि क्लचची केबल नवी टाका. एकदम टाकली तर रस्त्यात बंद पडायची निम्मी कारणं संपतात. हवा चेन कव्हरवरच्या किंवा मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे भरा, मागे माणूस असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो.

५०० किलोमीटरनंतर ऑईल पुन्हा एकदा बदला. पहिल्या ऑईलने सुटलेला जुना गाळ त्याच्याबरोबर निघून जातो. चेनला दर ५०० किलोमीटरला ९० नंबरचं गिअर ऑईल, तेही गाडी फिरून आल्यावर, चेन कोमट असताना. ॲव्हरेज मीटरच्या काट्यावरून काढू नका: टाकी गळ्यापर्यंत भरा, किमान २०० किलोमीटर चालवा, पुन्हा गळ्यापर्यंत भरा आणि भागाकार करा. पहिला महिना दर रविवारी सकाळी डिपस्टिक बघून पातळी लिहून ठेवा. हजार किलोमीटरच्या आत ती वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आली आणि खाली कुठे गळतीही नसेल, तर ऑईल आत जळतंय; तेव्हा व्हॉल्व्ह सील आणि रिंगांचं काम पावसाळ्याआधी उरकून घ्या.